खंडेनवमीला पुजलेल्या चार डिस्क

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही. माझ्या मुलाने अठरा वर्षं दुसऱ्यांची लग्नं काढली आणि तो गेला तेव्हा भिंतीवर लावायला आधारकार्डावरचा फोटो मोठा करून आणावा लागला. त्यात तो चोरासारखा दिसतो.

तो कसा गेला ते आधीच सांगून टाकते. वैशाखात पेठ वडगावचं एक लग्न उरकून दुपारी घरी आला. छातीत जळजळतंय म्हणाला, सोडा प्यायला आणि आडवा झाला. मी चहा घेऊन गेले तर उठला नाही. बेचाळीस वर्षांचा होता. मागे बायको, चार वर्षांची मुलगी आणि मी. माझे मालक त्याच्या आधीच गेले होते. ते शिरोलीत फौंड्रीत मोल्डर होते. मीही तिथेच कोर करायला होते, वीसेक वर्षं. ओतकामात पोकळी ठेवायची असली की साच्यात वाळूचा ठोकळा बसवतात, तो कोर. लाकडी कोरबॉक्समध्ये वाळू ठासायची, बॉक्सचे दोन भाग अलगद सोडवायचे, कोर भट्टीत सुकवायचा. हे का सांगते ते पुढे कळेल.

घराची पुढची खोली त्याचा स्टुडिओ. टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी एक काळी पेटी. भाकरीच्या डब्यापेक्षा थोडी मोठी. तिला पुढून चार खण, प्रत्येक खणात एक डिस्क, प्रत्येक खणाला एक हिरवा दिवा. तो तिला रेड म्हणायचा, तांबडं या अर्थानं नव्हे, असल्या पेटीचं नावच ते. सगळी लग्नं त्या पेटीत.

एकदा मी विचारलं, "चार कशाला रं? एक मोठी घ्यायची."

"एक मेली तर? लोकांनी काय परत लगीन लावायचं?"

"आणि चारातली एक मेली तर?"

तेव्हा त्याने मुलीची पाटी ओढली. तिच्यावर चार, सात आणि दोन लिहिले, बाजूला बेरीज तेरा. "आये, तू चौथीपतोर शिकलीस नव्हं? हे बघ." त्याने बोटाला थुंकी लावून सात पुसला. "आता कुठला आकडा गेला, सांग."

"सात. त्यात काय."

"कसा काढलास?"

"तेरातनं चार आणि दोन गेले."

"बास. ही पेटी एवढंच करती. तीन डिस्कवर माल, एकीवर बेरीज. बेरीज पण एका जागी ठेवत न्हाय, पाळीपाळीनं फिरवती. तिला पॅरिटी म्हणायचं. एक डिस्क मेली तर बेरजेतनं काढून द्यायचं." मग त्याने चारचा आकडाही पुसला. पाटीवर दोन आणि तेरा राहिले. "आता सांग."

"आता कसं सांगू?"

"आता ब्रह्मदेव आला तरी न्हाय सांगणार."

अजून एक सांगितलं त्याने. एक लग्न सबंध एका डिस्कवर नसतं. पंगतीत वाढपी जातो तसं चालतं. पहिल्या पानावर थोडं, दुसऱ्यावर थोडं, तिसऱ्यावर थोडं, परत पहिल्यावर. त्याला स्ट्राइप म्हणतात. "म्हणून पंगतीत कुणी जागा बदलायची न्हाय," तो म्हणाला. मी ऐकलं. ऐकून हसले पण.

मी विचारलं, "म्हणजे हे आता जपलं म्हणायचं?"

"न्हाय. डिस्क मेली तर पेटी वाचवती. पेटीच मेली तर पेटीला कोण वाचवणार? त्याला दुसरीकडं नक्कल पाहिजे. बॅकअप वेगळा."

"मग केलायस का?"

"करायचाय की."

करायचाय की. आमच्या घराण्याचं हेच. मालकांना दम लागायचा तेव्हा डॉक्टरला दाखवायचंच होतं.

तो जायच्या आधीच्या थंडीत पेटी टीं टीं करायला लागली. एका खणाचा दिवा तांबडा झाला होता. त्याने मागचं बटण दाबून आवाज बंद केला. "एक डिस्क गेली. तिघींवर गाडं चालतंय. सीझन झाला की नवी टाकतो." सीझन झाला नाही. म्हणजे सीझन झाला, तो उरला नाही.

वर्षभर खोलीला कुलूप. त्या वर्षी आम्ही सण केले नाहीत. सून एका डेअरीत पॅकिंगला जाते. पहाटे जाते, दुपारी येते. नात माझ्याजवळ. वर्षश्राद्ध झालं, पाऊस सुरू झाला, आणि एक दिवस नात जेवता जेवता म्हणाली, "आज्जी, पप्पांचा आवाज कसा हुता?"

मी म्हटलं, "आईला विचार."

सून भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. सुनेचा मोबाईल बदलला तेव्हा त्यातले त्याचे बोललेले मेसेज गेले होते. त्याचा स्वतःचा मोबाईल तो गेला त्या दिवशीच पडून बिघडलेला. घरात कुठे त्याचा आवाज नव्हता. तवा तापून धूर यायला लागला, आणि तिच्या डोक्यात आलं. म्हणाली, "आत्ती, कच्चं शूटिंग हाय की पेटीत."

गिऱ्हाइकाला देतात त्या लग्नावर गाणी चढवलेली असतात. पण कॅमेऱ्यात टिपलेलं, काटछाट न केलेलं शूटिंग तो पेटीत तसंच ठेवायचा. त्यात कॅमेऱ्यामागे बोलणारा तोच.

भाद्रपदातला रविवार होता. सुनेने कुलूप काढलं, पेटी चालू केली. तीन दिवे हिरवे, एक तांबडा. जोतिबाच्या पायथ्याचं एक लग्न लागलं. पडद्यावर नवरी, करवल्या, अक्षता. आणि मधूनच तो.

"वहिनी, हसा की जरा. लगीन हाय, बारावं न्हाय."

बायका फिस्सकन हसल्या. मग परत, "ओ पावणं, डोकं काढा मधनं. नवरा झाकलाय. तुमचं लगीन झालंय की एकदा!"

"झालंय म्हणूनच ह्याला वाचवाय आलोय," पावणा म्हणाला.

नात पडद्याकडे बघत म्हणाली, "ह्यातला पप्पा कुठला?"

"दिसायचा न्हाय," सून म्हणाली. "बोलतोय तो."

नात ऐकत राहिली. तिला ओळखू आला नाही, ते मला कळलं. सुनेलाही कळलं.

दुसऱ्या एका लग्नात त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला होता आणि बंद करायला विसरला होता. चित्रात नुसती टेबलाची चादर आणि एक पाण्याची बाटली. आवाज मात्र येत होता. तो मोबाईलवर बोलत होता. "माझं पिल्लू काय करतंय? जेवलीस? आज्जीनं काय केलंय? भाजी वाटीत तशीच ठिवलीस न्हवं, खरं सांग. पप्पा जिलेबी घिऊन येतो, मग बघू." नात ताठ बसली. म्हणाली, "हे मला बोलतोय."

तीन वेळा लावायला लावलं तिने. चौथ्यांदा सुनेने लावलं नाही, तिला ऐकवेना.

त्याच दुपारी सून म्हणाली, "आत्ती, उद्याच नवी डिस्क आणते आणि हे सगळं उतरून घेते. एक आधीच मेलीय."

मी म्हटलं, "उद्यापासनं पितृपंधरवडा. नवी वस्तू आणायची न्हाय घरात. दसऱ्याला आण. दीड वर्ष राहिलं, तीन आठवडे राहतंय."

 ती "बरं" म्हणाली. कुलूप घालताना एवढंच बोलली, "तोवर पेटीला हात लावू नका."

"मी कशाला लावतीय," मी म्हटलं.

आता खंडेनवमीचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात. मालक फौंड्रीतून त्यांची थापी, लेव्हल, करणी घरी आणायचे, प्रत्येक हत्यार रॉकेलने पुसायचे, दांडा निघत असला तर काढायचे, पाटावर ओळीने मांडायचे आणि एकेकाला हळदकुंकू लावायचे. हत्यारांची पेटी न उघडता वर फूल टाकणाऱ्याला ते म्हणायचे, "झाकल्या ताटाला निवद दाखवतोस व्हय रं?" मुलगा तेच करायचा, पेटीवर एक झेंडू टाकायचा आणि कॅमेरा उचलून चालायला लागायचा. बाप त्याला दर वर्षी बोलायचा. तो दर वर्षी हसायचा.

त्या खंडेनवमीला सून डेअरीला गेलेली, नात शेजारी खेळायला. मला वाटलं, मागच्या वर्षी काही केलं नाही. यंदा पोराचं हत्यार पोराच्या बापाच्या पद्धतीनं पुजावं. किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं. खोली उघडली. पेटी बंदच होती. एकेका खणाला पुढे खटका असतो, तो दाबला की डिस्क ट्रेसकट बाहेर येते. चारही काढल्या. जुन्या लुगड्याच्या कोरड्या फडक्याने पुसल्या. रॉकेल लावलं नाही, तेवढी अक्कल होती. पाटावर मांडल्या, कुंकू कालवून प्रत्येकीच्या पाठीवर बोट ओढलं, झेंडू वाहिला, नारळ ठेवला. मेलेली कुठली ते बघितलं नाही. मला चारही सारख्याच. तासाभराने पूजा हलवली आणि डिस्क परत खणांत सारल्या. हाताला येईल तशा. खटका प्रत्येकीचा नीट बसला.

आता कोरबॉक्सचं. बॉक्सचे दोन भाग सोडवायच्या आधी दोन्हींवरून खडूची एक रेघ ओढतात. परत जोडताना रेघ जुळली की भाग जागेवर बसला म्हणायचं. नाहीतर केसभर फरकाने माल वाया. नव्या बाईला पहिल्या दिवशी मी हेच शिकवायचे, आणि विसरली तर शिव्या घालायचे. वीस वर्षं रेघ ओढली. त्या दिवशी खडू नातीच्या पाटीजवळ, माझ्यापासून हातभर लांब पडला होता.

दसऱ्याला सून डिस्क घेऊन आली. नव्या डिस्कला तिने आधी देवापुढे ठेवलं. मग खोली उघडली, पेटी चालू केली आणि पेटी टीं टीं करायला लागली. एकही दिवा हिरवा नाही. कॉम्प्युटरला पेटी दिसेना. सून घामाघूम. बटण बंद, चालू, परत बंद. माझ्याकडे वळली, "तुम्ही काय केलं न्हाईसा न्हवं?"

"मी काय करतीय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला. तिशीतला, बरा माणूस. मुलाला ओळखत होता. खुर्चीवर बसून त्याने पडद्यावर काही उघडलं, वाचलं, कपाळ खाजवलं. म्हणाला, "रेड फाइव्ह आहे. एक डिस्क आधीपासनं फेल दाखवतेय, आणि बाकीच्यांची पण ओळख लागंना. असं सहसा होत न्हाई. ह्यातल्या डिस्क कुणी काढल्या होत्या का?"

सून म्हणाली, "न्हाय ओ. खोलीला कुलूप हाय."

मी दारात उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलं. "आज्जी, साफसफाईला वगैरे कुणी?"

मी म्हटलं, "न्हाय बाबा."

हे दोन शब्द मी का बोलले? सुनेसमोर खोटी पडायची नव्हती. एवढंच कारण. दुसरं मोठं काही नाही. मला वाटलं, दिवेच तर गेलेत, हा माणूस शिकलेला आहे, लावेल. खटके तर नीट बसले होते.

त्याने नवी डिस्क एका खणात टाकली. आधीपासून तांबड्या दिव्याचा खण म्हणून सुनेने जो दाखवला, तिथे आता मेलेली डिस्क नव्हतीच, चांगली होती, ती त्याने बाहेर ठेवली. मेलेली दुसऱ्याच खणात बसून होती आणि चालू केल्यावर कधी दीड वर्षांपूर्वीचा जुना माल घेऊन जागी व्हायची, कधी नाही. हे त्याला कसं कळणार? पडद्यावर पेटीने काहीतरी विचारलं. त्याने वाचलं, सुनेला म्हणाला, "वहिनी, जबरदस्तीनं उठवून रिबिल्ड करावं लागंल. उरलेल्या डिस्कवरनं हिशेब करून ती परत भरंल सगळं. दुसरा रस्ता दिसत न्हाई."

सून म्हणाली, "करा."

दीड दिवस चाललं ते. पडद्यावर आकडा वाढत होता. नातीला शंभरपर्यंत आकडे येतात. ती खोलीत जायची, वाचायची आणि स्वयंपाकघरात ओरडत यायची, "आज्जी, एकतीस!" "आज्जी, चौसष्ट!" मी भाजी चिरत म्हणायचे, "बरं." मला आनंदच झाला होता. म्हटलं, बघ, उगीच घाबरलीस. मेलेली डिस्क पण भरून यायली. शंभर झाले तेव्हा चारही दिवे हिरवे झाले. दीड वर्षात पहिल्यांदा चारही.

आत काही नव्हतं. म्हणजे लग्नांची नावं होती, तारखा होत्या, पण एकही उघडेना. एक उघडलं तर त्यात करड्या रंगाचे पट्टे आणि एका बाईचं अर्धं कपाळ. आवाज नाही.

दुरुस्तीवाल्याने पुण्याला एका ठिकाणी पाठवायला सांगितलं, तिथे मेलेल्या डिस्कमधून माल काढतात. आम्ही पाचही डिस्क पाठवल्या. पंधरा दिवसांनी फोन आला. सुनेने मोबाईल मोठ्या आवाजावर ठेवला होता, नातीची वेणी घालत होती म्हणून.

पुण्याचा माणूस सावकाश बोलत होता. "ताई, एक विचारायचं होतं. जुन्या चारही डिस्कच्या मागच्या बाजूला कुंकू आहे. पूजा केली होती का? म्हणजे, बाहेर काढून?"

सुनेचे हात वेणीतच राहिले. तिने माझ्याकडे बघितलं. मी तांदूळ निवडत होते. मी वर बघितलं नाही, पण तांदूळही निवडले नाहीत.

"हो," सून म्हणाली. "केली होती."

"मग जुळतं. परत बसवताना क्रम बदलला. त्याचं काही नाही, क्रम तर शोधून काढता येतो. तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर जागच्या जागी लावून तीन डिस्कवर पेटी उठली असती, अर्ध्या तासाचं काम. पण त्यानंतर रिबिल्ड झालाय. चुकीच्या क्रमानं बेरीज काढून ती नव्या डिस्कवरच नाही, जुन्यांवरच्या खऱ्या मालावरही लिहिलीय. वर लिहिलेलं काढून खालचं देता येत नाही, ताई. तुकडे आहेत. त्यातलं सलग काही लागत नाही."

तिने "बरं, साहेब" म्हणून फोन ठेवला. नातीची वेणी पुरी केली, रिबन बांधली, तिला बाहेर पाठवलं. मग चहा केला. दोन कप. एक माझ्यापुढे ठेवला.

"काढल्या त्याचं सोडा," ती म्हणाली. "त्यानं तोंडावर विचारलं तवा न्हाय का म्हणालासा?"

"तू बोलशील म्हणून."

"बोलले असते. चार शिव्या घातल्या असत्या, आठ दिवस बोलले नसते. मग?"

  ती चहा प्यायली आणि कप धुऊन ठेवला. माझाही धुतला. त्यानंतर तिने तो विषय एकदाही काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

मी मग गिऱ्हाइकांकडे फिरले. पेठ वडगावला गेले, जिथलं शेवटचं लग्न त्याने केलं. जोतिबाला गेले, पायथ्याच्या त्या नवरीच्या बापाकडे. त्याचं नारळ-गुलालाचं दुकान आहे. त्याने माझ्यासाठी दुकानातल्या टीव्हीवर लग्न लावलं. बायका हसतात ते दिसलं. तीच जागा. पण तिथे गाणं.

"हितं तो बोलला हुता," मी म्हटलं. "हसा म्हणून."

दुकानदार बिचारा म्हणाला, "मावशी, शूटिंगवाल्याचा आवाज कोण ठेवतंय? तुमच्या पोरानंच गाणं घातलंय की. लई सफाईनं काम करायचा तो."

खरं होतं ते. अठरा वर्षं त्याने बसून स्वतःचा आवाज पुसला. आम्हाला जे हवं होतं ते त्याच्या धंद्यात घाण होती. नऊ घरं फिरले. सगळीकडे गाणी. एका ठिकाणी गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मध्ये कुणीतरी "हां" म्हणतं. तो असेल किंवा भटजी असेल. मी चार वेळा ऐकलं आणि उठून आले.

डिस्क पुण्याहून परत आल्या. फुग्याच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, जुन्या चौघींवर काळ्या शाईने ठळक आकडा घातलेला, एक, दोन, तीन, चार. कुंकू तसंच. सुनेने त्या कपाटात खाली ठेवल्या आहेत. टाकून द्यायला ती तयार नाही आणि मी विचारत नाही. यंदा खंडेनवमीला मी काही मांडलं नाही.

नातीला आता सातवं वर्ष लागलं. परवा शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आज्जी, पप्पा ते पावण्याला बोलायचा ते म्हण की."

मी म्हटलं, "ओ पावणं, डोकं काढा मधनं."

"असं न्हाय."

मी आवाज जाड करून परत म्हटलं.

"न्हाय गं, असं न्हवतं."

"मग कसं हुतं? तू म्हण."

तिने तोंड उघडलं. जरा वेळ तसंच ठेवलं, छताकडे बघितलं. मग मिटलं.

"जाऊ दे," म्हणाली, आणि हातपाय धुवायला गेली.